दिनुकाकांचा कोल्हा

आमच्या वाडीत कोल्हा येतो हे माझ्या आईला मुळीच मान्य नव्हतं. तिच्या मते येत होते ते शेजारचे दिनुकाका.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. सुकेळी करायला आई राजेळी केळी सोलून चटयांवर उन्हात घालायची आणि रोज त्यातली काही गायब व्हायची. कोल्ह्याला पळताना मी स्वतः पाहिलं होतं. पण आईचा एकच सवाल, “कोल्हा खातो, तर दिनू रोज कुंपणाशी दात कोरत कसा उभा असतो?”

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण याच दिनुकाकांनी माझ्यासाठी अर्नाळ्याचं स्थळ आणलं होतं. मुलगी मी निर्मळच्या जत्रेत ओझरती पाहिली होती आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. आईने काकांना तोंडावर चोर म्हटलं की माझं लग्न मोडलंच. शेवटी मी तिला कोल्ह्याचा फोटो दाखवायचं कबूल केलं. तोवर गप्प राहायला ती महामुश्किलीने तयार झाली.

मामेभाऊ गिरगावातून बॉक्स कॅमेरा घेऊन आला. रिळात दोनच फोटो उरले होते. एक मुलीकडे पाठवायला माझा, दुसरा कोल्ह्याचा. त्याने मला कोट घालून ओटीवर उभं केलं, खटका दाबला, कॅमेरा माझ्या हाती दिला आणि पुढच्या फोटोआधी चावी फिरवायला बजावून तो चहा प्यायला आत गेला. (मला वाटलं, घड्याळासारखी ती कॅमेरा बंद पडला तर फिरवायची.)

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मी केळीआड दबा धरून बसलो. मुंग्या चावून चावून दमल्या तेव्हा स्वारी आली. चटईवर ऐसपैस बसून, सुकेळं तोंडात धरून त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. त्यालाही माझा संशयच आला असावा. मी खटका दाबला.

मुलीकडची मंडळी घाई करत होती. मुंबईहून धुऊन आलेलं पाकीट मामेभावाने न उघडताच काकांना दिलं आणि काकांनी ते तसंच अर्नाळ्याला पोचवलं. परत आले ते घरात येईनात. कुंपणाबाहेरूनच मला खालीवर न्याहाळत हळूच म्हणाले, “बाबा रे, खरं सांग, तुझ्या अंगात काही येतं का?”

मग त्यांनी फोटो दाखवला. चावी न फिरवल्याने दोन्ही फोटो एकावर एक बसले होते. कोट माझा, हात माझे, आणि कॉलरच्या वर कोल्ह्याचं तोंड, तोंडात सुकेळं! मुलीच्या वडिलांनी म्हणे आमच्या घराण्यातल्या भुताखेतांची चौकशी केली. पण मुलीच्या आजीने फोटो पाहताच हात जोडले होते. कोल्ह्याचं तोंड दिसणं म्हणजे केवढा शकुन, आणि तो घरबसल्या चालून आलेला. तिने तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

आईने फोटो बराच वेळ निरखला. कोल्हा आहे हे तिने मान्य केलं. मग मला आत बोलावून कानात म्हणाली, “दिनूने पाळलेला दिसतो.”

लग्नानंतर धीर करून मी बायकोला विचारलं, फोटो पाहून मी आवडलो होतो का?

“अगं बाई,” ती म्हणाली, “त्यात तुम्हीही होता?”