शेजारच्या सीटवरचे आजोबा

ईरा, निहार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबा गेले, आता आजीला बाहेर कोण नेणार? तुमचे बाबा म्हणतात, गाडी विक आणि इकडे ये. गेला दीड महिना मी त्यावर काही बोलले नाही. आज लिहिते, कारण त्या गाडीची गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, आणि आजोबा तुम्हाला माहीत आहेत ते सुट्टीतले, अंगणातल्या खुर्चीवरचे.

आजोबा सैन्यात ट्रक चालवत. निवृत्त होऊन उंब्रजला आल्यावरही गाडी त्यांनीच चालवायची आणि मी शेजारी बसून इंग्रजीचे पेपर तपासायचे, अशी आमची रीत. पुढे काचबिंदूनं त्यांची नजर दोन्ही बाजूंनी मिटत गेली. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, त्या दिवशी ते नीट जेवले आणि म्हणाले, "मी हाय तंवर तू शीक." लायसन्स मिळालं, पण कऱ्हाडच्या बाजारात हॉर्न वाजला की माझा पाय क्लचवर थिजायचा. "बाई, मागं आमी बी हाय," असं एक रिक्षावाला ओरडला. तो माझाच विद्यार्थी निघाला.

त्या थंडीत त्यांनी ठरवलं, समुद्राकडे जायचं, पार वर, डहाणूपर्यंत. "तिकडं रस्ता सपाट हाय, आन् हसायला वळखीचं कोण न्हाई." पालघरपर्यंत भाड्याचा ड्रायव्हर होता. तिथं त्यांनी त्याला रेल्वेत बसवून दिलं.

"अहो, आणि परतीचं काय?"

"परतीचं परतताना बघू."

सकाळचं धुकं, मिठागरं, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, लहान लहान गावं आणि त्यांतून जेमतेम एक गाडी जाईल असे रस्ते... त्यांना फक्त समोरचं दिसायचं. "डावीकडं काय हाय?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "बाजूला बघू की पुढे?" "पुढंच बघ. बाजूचं थांबल्यावर सांग." मग चहाच्या टपरीवर थांबून मागे पडलेला सगळा मुलूख मी त्यांना सांगायचे, आणि चिकूच्या वाड्या ऐकताना त्यांचा चहा निवायचा.

एका गावात आम्ही गाडी थेट वाळूत उतरवली, तोंड रस्त्याकडे वळवून लावली आणि सुरूच्या सावलीत भाकरी सोडली. आपल्याकडे दिवाळीनंतर कृष्णेचं पाणी खालीच जातं. पात्रात ट्रॅक्टर लावून माणसं निवांत जेवतात. समुद्र पुन्हा वर येतो, हे दोघांच्याही मनात आलं नाही. "आजी, गाडी पोहायला सोडली काय?" मासळीची टोपली घेऊन चाललेल्या बाईनं विचारलं, तेव्हा मागची चाकं पाण्यात होती. आम्ही घाईनं आत बसलो, पण चाकं जागीच फिरली. चार-पाच माणसं धक्का द्यायला धावली. आजोबाही दार उघडून उतरले.

"तुम्ही आत बसा ना. मला एकटीला नाही जमणार."

"आगं, मी बसलो तर वजन न्हाई का वाढणार? पहिला गेर टाक आन् क्लच हळू सोड."

बाजूची सीट रिकामी. आरशात इतरांच्या मध्ये त्यांचं पांढरं डोकं, खाली घातलेलं. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा मी क्लच अगदी हळू सोडला... आणि चाकांनी वाळू धरली. वर टणक जमिनीवर येऊन थांबले. ते गुडघ्यापर्यंत भिजून, अंदाजानं पावलं टाकत आले, खिडकीला हात लावला आणि म्हणाले, "बघ. मी नव्हतो आत."

परतीला ड्रायव्हर बोलावला नाही. घाटासकट उंब्रजपर्यंत मीच आले.

शेवटी त्यांना कऱ्हाडला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हाही गाडी मीच चालवली. वाटभर त्यांचे डोळे मिटलेले होते. टोलनाक्यापुढे एवढंच म्हणाले, "आता चौथा टाक." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा बाबांना सांगा, गाडी विकायची नाही. तुम्ही याल तेव्हा पुण्याला विमानतळावर मी येईन. बसताना खाली बघा. शेजारच्या सीटपुढे ब्रेक नसतो. तरी मी गाडी चालवायला लागल्यापासून आजोबा तिथं उजवा पाय दाबत राहिले. रबराची मॅट त्या जागी झिजून फाटली आहे, खालचा पत्रा दिसतो. गॅरेजवाला नवी घाला म्हणतो. मी बदललेली नाही.