नदीचे वाक्य

बदलापुरात दर रविवारी मुलांचे नाटक बसवणाऱ्या त्या बाई कुणालाही शाबासकी देत नाहीत. प्रवेश जमला की "पुन्हा करा, मला अजून बघायचंय," एवढेच म्हणतात. त्यांच्या वर्गात चाकाच्या खुर्चीतली मुले असतात, ऐकू न येणारी असतात आणि नुसती दंगेखोरही असतात. बाई सगळ्यांवर सारख्याच ओरडतात.

माझी बारा वर्षांची मुलगी बोलताना अडखळते. नदीकाठच्या मांजर्ली वस्तीतल्या प्रयोगात ती उल्हास नदी झाली होती आणि मी विंगेत संहितेची वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभा होतो. "मी नदी आहे," एवढे म्हणून ती थांबली. पुढचे "मला वाट द्या" मी कुजबुजणार, तोच बाईंनी माझ्या हातातली वही काढून घेतली.

"अहो बाई, ती अडकलीय!"

"अडकली नाही दादा, बोलतेय. गप्प उभे राहा जरा."

मुलीचे ओठ बराच वेळ नुसते हलत होते. मग प्रेक्षकांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मी पावसाळ्यात... तुमच्या घरी येते ना... यंदा च... चहा ठेवा!"

ज्यांच्या घरांत पुराचे पाणी शिरते, तेच लोक समोर बसले होते. ते पोट धरून हसले.

हे वाक्य संहितेत नव्हते. बाईंनी वही मला परत दिली. इतकी वर्षे मी मुलीची वाक्ये घाईने, प्रेमानेच, पूर्ण करत आलो. तिला विनोद करता येतो, हे मला परक्या माणसांच्या हसण्यातून कळले.