एकाच झाकणाचे फोटो

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी भिलाईलगतच्या एका लहान पालिकेत कंत्राटावर लागले. काम होतं पालिकेचं फेसबुक पेज सांभाळण्याचं. लोक तक्रार टाकत. पेज आपोआप उत्तर देई, "आपकी शिकायत दर्ज कर ली गई है." मग सुपरवायझर झालेल्या कामाचा फोटो पाठवी आणि मी तो 'समाधान' अशी हिरवी पट्टी लावून टाकत असे. फोटो लागला की तक्रार बंद. काम झालं की नाही हे तपासायची दुसरी पद्धत नव्हती.

एक तक्रार बंद झाल्यावरही रोज सकाळी येत राहिली. खात्यावर चेहरा नव्हता. मजकूर तोच: "पत्नी को दिखाई नहीं देता. घर के सामने चैंबर खुला है." खाली उत्तरही तेच. एका सकाळी मजकूर बदलला: "आज उसकी चप्पल अंदर गिरी." पेजने उत्तर दिलं, "धन्यवाद. आपका सुझाव हमारे लिए महत्वपूर्ण है."

ही तक्रार ज्या फोटोवर बंद झाली होती तो मी शोधून काढला. गटाराच्या चेंबरवर नवं काँक्रीटचं झाकण होतं. मागे, फोटोच्या कडेला, एक म्हातारा दोन्ही हात सरळ सोडून कॅमेऱ्याकडे पाहत उभा होता. जुना फोटो नवा म्हणून छापला जाऊ नये म्हणून वर्तमानपत्राच्या डेस्कवर फोटो ताडून पाहायची सवय लागलेली असते. मी पुढचे फोटो उघडले. गल्ली दुसरी, भिंत दुसरी, म्हातारा तोच. अशा सात तक्रारी, सात वस्त्या. एका फोटोत तो इतका दूर होता की बनियनचा पांढरा ठिपका तेवढा दिसत होता. तोंड मात्र कॅमेऱ्याकडेच.

मी सुपरवायझरला बोलावलं. "हा माणूस कोण?"

"कौन आदमी, मॅडम?" तो स्क्रीनकडे वाकला. "वहाँ तो कोई नहीं था." मग हसला. "भूत होगा. उसको भी शिकायत नंबर दे दीजिए." हसता हसता त्याने स्वतःचा फोन टेबलावर पालथा ठेवला.

दुपारी मी शेवटच्या फोटोतल्या जागी गेले. गल्लीत कोणी नव्हतं. चेंबर उघडं होतं, झाकण नव्हतं. आत काळं पाणी होतं, त्यात आभाळ आणि माझं डोकं. मग त्या डोक्याशेजारी दुसरं डोकं आलं.

"तुमी बी फोटो काढाले आल्या का, बाई?"

फोटोतलाच म्हातारा. तो रेल्वेतून निवृत्त झालेला कीमन होता, नागपूरकडचा. दुर्ग लाइनवर रोज पायी फिरून रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या तपासण्यात त्याची अख्खी नोकरी सरली होती.

"झाकण आमच्या दारचं हाय. बसवलं, फोटो काढला, अन् गाडीत टाकून घेऊन गेले. मी सायकलनं मागं. ते जिथं जिथं ठेवतेत, तिथं मी जाऊन उभा रायतो. इथून नेलं तवा मात्र गाडी हुकली; परत आनतेत का, पाहून रायलो."

"कशासाठी?"

"हरवलं तं कोनाले विचारू? तुमच्या त्या धन्यवादवाल्या मशीनले?"

तपासलेल्या वस्तूवर खूण करायची, ही त्याची लाइनवरची सवय. त्या झाकणाच्या कडेलाही त्याने चुन्याची रेघ ओढली होती. मी मोबाइलवर फोटो मोठे करून पाहिले. सातही झाकणांवर तीच रेघ होती.

"काकू कुठे आहेत?"

"घरी. बाहेरून कडी लावून येतो. वरडते थोडी. पन पडन्यापेक्षा बरं."

त्याच संध्याकाळी मी आपोआप जाणारं उत्तर बंद केलं. सातही जागा फिरून काढलेले उघड्या चेंबरांचे फोटो पत्त्यासह टाकले आणि वर लिहिलं, 'ये काम नहीं हुए हैं. हमने पहले जो फोटो दिखाए थे, वे गलत थे.' सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, अपना ही पेज, अपने ही खिलाफ?" पण लोक पहिल्यांदाच पेजशी बोलू लागले. कोणी चेंबरभोवती विटा रचून फोटो टाकला, कोणी आठवं दाखवलं, नववं दाखवलं. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर दिलं. पालिकेच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, पोस्ट काढायला सांगितली, आणि खालची उत्तरं वाचून झाल्यावर राहू द्या म्हणाले. त्या आठवड्यात नवी झाकणं आली.

कीमनच्या दारचं बसलं त्या दिवशी मी तिथे होते. सिमेंट सुकलं होतं. त्याने बायकोला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि स्वतः झाकणावर चढून दोनदा पाय आपटले.

"आयक. पक्कं हाय."

"पयल्या खेपेले बी असाच आवाज आला होता," ती म्हणाली.

तिने काठी झाकणावर टेकवली, उचलली, परत टेकवली. तो पाय आपटत राहिला. ती उंबऱ्यातून हलली नाही.