डाव्या बाजूचा दांडा

टेलरबाईला मोटरसायकलच्या पोटात हात घालायची कधीच हौस नव्हती. गाडी नवऱ्याची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. आठवडाभर लोकांच्या इमारतींतून दोरखंड आणि मोटारी तपासत फिरायचा आणि सुटीच्या दिवशी जिन्याखाली पोतं अंथरून आपल्या जुन्या गाडीपुढे बैठक मारायचा. बाई वरच्या मजल्यावर शिवणयंत्रावर असायची. हाका मारून मारून जेवण गार व्हायचं. "माझी सवत खाली उभी असते," असं ती गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची.

मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला. तो उचलायला वाकला आणि उठलाच नाही. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय ओढत चालत होता आणि शब्द रुसून बसले होते. समजायचं सगळं, पण तोंडातून भलताच शब्द निघायचा. पाणी हवं असलं की "पंखा" म्हणायचा आणि चुकलं हे लक्षात आलं की भिंतीकडे तोंड करून बसायचा.

घर आता बाईवर आलं. पडदे, गणवेश, पँट आखूड करणं, हे सगळं दुकानदारांना पोचवायला गाडी लागायची. लग्नानंतर नवऱ्यानेच तिला एका मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली होती, पण चालवणं वेगळं आणि तिचे नखरे सोसणं वेगळं. किक मारून मारून बाईच्या पोटऱ्या भरून यायच्या. एकदा किक उलटी बसली आणि नडगी काळीनिळी झाली.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने गाडीकडे लांबूनच पाहिलं. "मावशी, हिचे पार्ट येत नाहीत आता. भंगारात द्या आणि सुखी व्हा."

मुलगी सासरहून फोनवर तेच म्हणाली. "आई, काढून टाक ती गाडी. बाबा काही आता चालवणार नाहीत."

"हळू बोल. फोन स्पीकरवर आहे," बाई म्हणाली. पण त्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, "पान."

"पान? आत्ता?"

त्याने डाव्या हाताची मूठ हवेत फिरवली. बाई बघत राहिली आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "पाना! पाना हवाय होय तुम्हाला!"

अशी ती शिकवणी सुरू झाली. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचा, तेवढं उतरवायलाच बाईचा घाम निघायचा. ती पोत्यावर. पान म्हणजे पाना, चमचा म्हणजे स्क्रूड्रायव्हर, चहा म्हणजे क्लच. चुकीचा नट धरला की तो जीभ टाळ्यावर आपटून "चक्" करायचा, आणि ते मात्र अगदी पूर्वीसारखंच स्पष्ट यायचं. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन तिने चेन धुतली. चेनला किती ढील ठेवायची ते त्याने दोन बोटं आडवी धरून दाखवलं. क्लचची वायर बदलली. मग ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. तो डबा त्यानेच कधीतरी आणून कपाटावर टाकला होता आणि सवड होत नव्हती म्हणून राहून गेला होता. त्यानंतर गाडी दुसऱ्या किकला सुरू व्हायला लागली.

ऐकायला हे बरं वाटतं. पण बाई दमून गेली होती. सकाळी त्याची अंघोळ, मग यंत्र, मग पोचवणी, मग जिन्याखालचं पोतं. नखांतलं काळं साबणाने जाईना. एक दिवस दुकानदाराने पांढरा गणवेश परत तिच्या हातात ठेवला. कॉलरवर तिच्या अंगठ्याचा काळाभोर ठसा होता. "बाई, तुमचं काम म्हणजे डोळे झाकून घ्यावं असं होतं," तो म्हणाला. तिने तो गणवेश घरी आणून धुतला, पुन्हा धुतला, आणि शेवटी नवीन कापड घेऊन कॉलर बदलली. त्या दिवसापासून ती गाडीला हातमोजे घालून हात लावू लागली आणि तिला नट जाणवेनासे झाले.

पुढे व्यायामाच्या केंद्रात त्याला नेण्याचा प्रश्न आला. गल्लीत टॅक्सी शिरत नव्हती आणि हमरस्त्यापर्यंत चालण्यातच त्याची ताकद संपायची. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी एकदा घरी येऊन त्याला स्टुलावर बसवून तोल तपासला. "गाडीवर मागे बसू शकतील, पण पाठीला टेकू हवा, धरायला दांडा हवा आणि गाडी सावकाश. पट्ट्याने बांधू मात्र नका. गाडी आडवी झाली तर तिच्यासकट जातील."

बाईने ते मनावर घेतलं. खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या वेल्डरकडून कॅरिअरवर पाठीची चौकट करून घेतली. तिच्यावर जाड फोम लावून रेक्झिनची गादी स्वतः शिवली, दुहेरी शिवण घालून. सीट उसवून आतला दबलेला फोम बदलला. उजव्या बाजूला धरायला पोलादी दांडा बसवला. सगळं झाल्यावर तिने त्याला खाली आणलं. "बघा तरी. सोफा केलाय तुमच्यासाठी."

त्याने गाडीकडे पाहिलं. गादीवर बोट फिरवलं. मग महिनोन् महिने न आलेले शब्द नेमके तेव्हाच आले.

"मी. सामान. नाही."

बाईचा संयम सुटला. "सामान नाही, बरोबर! मग मी कोण आहे? हमाल? सकाळपासून उठबस, शिवण, हे तेल, हे रॉकेल. माझ्या हातांचा वास बघा, माझीच मला किळस येते! नका येऊ. बसा इथेच भिंतीकडे बघत!"

समोरच्या दारातल्या आजी बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या. बाईने त्याला कसंबसं वर नेलं, खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जमिनीवर आडवी झाली. रडायचं होतं, पण त्याआधी झोपच लागली.

जाग आली ती खालून येणाऱ्या टणटण आवाजाने. खुर्ची रिकामी होती. दार उघडं. ती धावत जिन्यावर आली. तो एकटा उतरला होता, आजारानंतर पहिल्यांदाच. पोत्यावर पाय पसरून बसला होता, डाव्या हातात पाना, आणि तिने घट्ट बसवलेला दांडा खोलत होता. एक बोल्ट निघून जमिनीवर पडला होता. दुसरा जागचा हलत नव्हता.

"अहो, मोडताय कशाला? नको असेल तर तसं सांगा!"

त्याने जोरजोरात मान हलवली. पाना टाकून डावा हात तिच्यापुढे धरला, बोटं उघडली, मिटली. मग सीटच्या दुसऱ्या बाजूवर थापटी मारली.

"इकडे," तो म्हणाला.

बाई खालच्या पायरीवर मटकन बसली. लुळा हात कुठला, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? रोज त्याच हातात ती शर्टाची बाही घालत होती. आणि तरी दांडा उजवीकडे बसवला होता.

"सांगायचं ना मघाशी," ती म्हणाली.

तो हसला, अर्ध्या तोंडाने. "सांग... सांग..." म्हणाला आणि पुढचा शब्द निसटला.

दोघांनी मिळून दांडा डावीकडे घेतला. तो बोल्ट धरायचा, ती पाना फिरवायची. गादीबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही.

पहिल्या दिवशी व्यायामाला जाताना बाईने गाडी अगदी सावकाश काढली. प्रत्येक ब्रेकला त्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टक्कन आदळायचं. गिअर बदलताना झटका बसला की मागून ओरडा यायचा, "चहा! चहा!" सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस कळवळून म्हणाला, "ताई, काकांना चहा पाजा हो आधी."

"त्यांना क्लच म्हणायचंय," बाई म्हणाली. हसू आलं, पण हात हँडलवर इतके घट्ट होते की हसताही येईना.

केंद्राच्या दारात त्याला उतरवताना तिच्या कंबरेत चमक भरली. आत ताईंनी विचारलं, "कसे आलात?" त्याने डाव्या हाताचा अंगठा मागे वळवून बायकोकडे केला. "ड्रायव्हर," म्हणाला. हा शब्द कुठून आला ते त्यालाही कळलं नसावं.

तो पुन्हा गाडी चालवू शकला नाही. उजव्या हाताची दोन बोटं थोडी हलायला लागली, तेवढंच. बाईने गणवेशांचं काम कमी करून पडद्यांचं वाढवलं, कारण गडद रंगावर डाग दिसत नाही. गाडी चालते, अधूनमधून रुसते. परवा इंजिनखाली तेलाचं थारोळं दिसलं. मुलगी राहायला आली होती, ती म्हणाली, "आई, तू दमत नाहीस का गं?"

"दमते ना. रोज दमते," बाई म्हणाली आणि खाली जाऊन तिने तेलाच्या थारोळ्यावर वर्तमानपत्र पसरलं.

नवरा जिन्यावरून एकेक पायरी उतरत तिच्याजवळ आला, वाकून त्याने इंजिनकडे पाहिलं. "सील," म्हणाला. शब्द बरोबर होता, तेल तिथूनच गळत होतं.

"आज नको हो," ती म्हणाली.

"नको," तो म्हणाला, आणि पायरीवर टेकून, जरा सरकून त्याने तिला बसायला जागा केली.