दारावरचा कडुलिंब

शाहूपुरीच्या मागच्या बोळात क्रांती शाळेचे गणवेश शिवायची. नवरा प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीत कामाला. नऊ वर्षांच्या मनालीच्या आतड्याला कायमची सूज. रक्ताचे जुलाब, पोटात मुरडा. औषधांनी ते आवरलं, पण तीच औषधं रोगाशी लढायची ताकदही दाबून ठेवत.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "फ्लूची, न्यूमोनियाची, काविळीची लस हिला द्यायलाच हवी. कांजिण्यांची मात्र या औषधांवर चालत नाही, ती जिवंत जंतूंची असते. ती आजूबाजूच्यांनी घ्या, म्हणजे आजार हिच्यापर्यंत येणार नाही."

क्रांतीला लहानपणीच कांजिण्या येऊन गेलेल्या. प्रसेनजीतनं लस घेतली. क्रांतीनं बोळातही सांगून पाहिलं. कुणी मनावर घेतलं नाही.

फाल्गुनात बोळ गप्प होत गेला. टोकाच्या घरावर कडुलिंबाचा डहाळा लागला, मग अलीकडच्या, मग समोरच्या. पोरं आत गेली ती दिसेनाशीच झाली. कांजिण्या म्हणजे देवीचं येणं; "बाई आल्यात," एवढंच बायका दबक्या आवाजात बोलत. बाई घरात असताना फोडणी घालत नाहीत. दुपारी कुठूनच स्वयंपाकाचा वास येईना. क्रांतीनं मनालीची शाळा बंद केली.

एका दुपारी ती बाहेरून कडी घालून गणवेश पोचवायला गेली. परतली तर कडी तशीच, आणि तिच्याच दारावर ओला डहाळा.

आत मनाली अंथरुणात ताठ बसलेली.

"आई, मोना येऊन गेली."

मोना शेजारच्या चिमणाबाईंची नात. ती जयसिंगपूरला मामाकडं गेली, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"बोलली न्हाय काय. हात धरून बसली. तोंड समदं फोडांनी भरलेलं."

क्रांती तशीच शेजारी धावली. "मावशी, मोना कुठं हाय?"

"गेलीया की मामाकडं."

पडद्यामागं कुणीतरी नखांनी खराखरा खाजवत होतं. थांबतच नव्हतं.

"मावशी, पोरगी माझ्या मनालीचा हात धरून बसून गेलीया. खरं सांगा!"

चिमणाबाईंनी पडदा बाजूला सारला. "व्हय. लपवली. तू लशीचं सांगत व्हतीस, मला वाटलं, देवीला सुई कशी दावायची? डहाळा तिनंच बांधला आसंल. मनालीला काय व्हऊ नये म्हणून."

संध्याकाळी मनालीला दवाखान्यात इंजेक्शन दिलं. लस नव्हे, दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं तयार संरक्षण. मग वाट पाहणं. रोज सकाळी क्रांती पोरीला खिडकीशी उभी करून पाठ, मान, काखा न्याहाळी. तिसऱ्या आठवड्यात कानामागं पाणीदार फोड आला. पुन्हा दवाखाना, सलाईनमधून औषध. प्रसेनजीत कामाची पाळी सोडून दवाखान्याच्या दारात उभा. फोड फार उठले नाहीत. ताप उतरला. पोरगी निभावली.

चिमणाबाई कांजिण्या न झालेल्या धाकट्या नातीला, अनुजाला, स्वतः घेऊन लस टोचून आणायला गेल्या. क्रांती सोबत होती. मागोमाग बोळातली आणखी दोन घरं गेली.

मोना बरी झाल्यावर क्रांतीनं तिला जवळ घेऊन विचारलं, "त्या दिवशी कशाला आलीस गं?"

"मला आठवत न्हाय, काकी. मनाली सारखी हाक मारत व्हती, एवढंच."

क्रांतीनं मनालीकडं पाहिलं. मनालीनं मान हलवली. तिनं हाक मारलीच नव्हती.