एका कोठाराचे तीन नकाशे

किल्ले बांधायचा ऑनलाइन खेळ कुणी खेळत असेल तर सल्ला हवा आहे.

या महिन्यात खेळातल्या माझ्या गावावर दोन हल्ले झाले. दोन्ही वेळा शत्रू थेट धान्याच्या कोठारावर आला. धान्य गेलं की सैन्य उपाशी मरतं. गावाची मांडणी मी फक्त संघातल्या तिघांना दाखवली होती. म्हणून परवा कोठार हलवलं आणि तिघांना तीन वेगवेगळे खोटे नकाशे पाठवले.

आज दुपारी हल्ला झाला, तो ईशान्येच्या मोकळ्या जागेवर. तिथे कोठार दाखवणारा नकाशा फक्त माझ्या भोकरच्या मावसभावाकडे, सचिनकडे होता.

लगेच फोन केला. "नकाशा कुणाला दिलास?"

"कुणालाच न्हाई, ताई. माझ्यावर शक करून राहिलीस का?"

"मग शत्रूला ईशान्येचा कोपरा कसा कळला? तो फक्त तुझ्याच नकाशात होता."

"म्हणजे तू मला खोटा नकाशा दिलास? मला?"

माझ्या गावाची पहिली भिंत त्यानेच पाठवलेल्या दगडांची आहे. त्यामुळे ते लागलं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही, हेही लक्षात आलं.

संघप्रमुख नाव विचारत आहेत. सांगितलं तर सचिन कायमचा बाहेर जाईल. तुम्ही सांगितलं असतं का?