चोविसाव्या किलोमीटरच्या पुढं

"पळणं यांच्या रक्तातच आहे हो. पिढ्यानपिढ्या यांनी दुसरं केलंय काय?"

साहेब हे माइकवरून बोलले. माझ्या हातात स्टीलचा डबा देता देता. कंपनीच्या क्रीडादिनाला मी पाच हजार मीटर जिंकलो होतो. दुसरा आलेला माझ्यापासून अर्धी फेरी मागं होता. मंडपात खुर्च्यांवर ऑफिसर आणि त्यांच्या बायका. मागं उन्हात आम्ही कामगार. 'यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते सगळ्यांना कळलं. नुकतंच माझं आडनाव पुकारलं होतं. मंडप हसला.

मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. साहेबांनी अपमान केला हे सांगणं सोपं आहे. मी दात काढले, डबा छातीशी धरला, वाकून 'थँक्यू सर' म्हणालो, हे सांगताना अजून कानशिलं तापतात.

साहेब म्हणजे आमचे वेल्फेअर ऑफिसर. कामगारांचं कल्याण त्यांच्या ताब्यात आहे. कँटीन, रजा, शिफ्टची बदली, खेळ. सगळ्या कागदांवर त्यांची सही लागते.

माझं गाव नामपूरच्या पलीकडं, बागलाणात. बाप गावचा महार. पुढं आम्ही बौद्ध झालो. घरातले देव गेले, गावकीची कामं गेली. मी आयटीआय केलं आणि सत्तरनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सातपूरला टर्नर म्हणून लागलो. लेथवर हात चांगला बसला. लग्न झालं. शांता आली. वस्तीत पत्र्याची खोली केली.

पळायला लागलो ते बस चुकली म्हणून. तेव्हा शहरात मामाकडं राहत होतो. पहिली पाळी सातची. उशीर झाला की अर्धा दिवस गेला. एका सकाळी बस डोळ्यासमोरून निघून गेली आणि मी डबा हातात धरून पळत सुटलो. गेटवर पोचलो तेव्हा भोंगा वाजत होता. वॉचमन म्हणाला, "कुठून पळत आला?" मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळली. मला बरं वाटत होतं. अंग हलकं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे माझं काहीतरी आहे.

मग सवयच लागली. सातपूरला राहायला आल्यावर पहाटे अंबडच्या बाजूनं पांडवलेण्यापर्यंत जायचो. पहिल्या वेळी पायथ्याशी ओकलो. महिनाभरानं पायऱ्या चढून वर जायला लागलो. लेण्यात बुद्धाच्या पुढं दोन मिनिटं बसायचं, घाम वाळू द्यायचा, परत. तिसरी पाळी असली की सकाळी सुटल्यावर तसाच त्र्यंबक रस्त्याला लागायचो. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत. आधी महिरावणीपर्यंत. मग अंजनेरी फाट्यापर्यंत. एकदा थेट त्र्यंबक गाठलं आणि एसटीनं परत आलो. कंडक्टरनं तिकीट फाडताना माझ्याकडं बघून विचारलं, "आजारी हाय का?" मी हसत सुटलो. पाय थरथरत होते, थांबतच नव्हते.

कॅनव्हासचे बूट महिन्यात फाटायचे. मी त्यांना टायरचं रबर चिकटवून घेतलं. जड झाले, पण टिकले. अंगठ्याचं नख काळं पडलं, गळलं, नवीन आलं. शांता सकाळी भाकरीबरोबर गुळाचा खडा ठेवायची. म्हणायची, "एवढं पळून जायचं कुठं?" मी गुळाचा खडा तोंडात टाकून निघायचो.

ऐंशी साल उलटून गेलं. शहरात लांब शर्यत ठरली. बत्तीस किलोमीटर. शहरातल्या मैदानावरून निघायचं, त्र्यंबक रस्त्यानं महिरावणीच्या पुढं वळायचं, परत मैदानावर. म्हणजे आमच्या कंपनीच्या फाट्यावरून जाताना एकदा आणि येताना एकदा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

समोरच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. गोरा, उंच, पायात परदेशी बूट. साहेबांचा पुतण्या श्रीकांत. कॉलेजात होता. दुसरी खुर्ची रिकामी होती. मी उभा.

"हा शर्यतीत उतरतोय. कंपनीच्या टीममधून. तू याच्याबरोबर प्रॅक्टिस कर. तुझे पाय चांगले आहेत."

मी खूश झालो. खोटं कशाला सांगू? घरी येऊन शांताला सांगितलं, साहेबांनी टीममध्ये घेतलं.

तीन महिने, दर रविवारी. श्रीकांत स्कूटरवरून यायचा, स्कूटर आमच्या गेटाशी लावायचा. त्याची पाण्याची बाटली आणि टॉवेल मी धरायचो. धरायचो म्हणजे हातात घेऊन पळायचो, दोन पावलं पुढं. त्यानं हात केला की बाटली द्यायची. पोरगा वाईट नव्हता. कधी कडू बोलला नाही. खरं तर बोललाच नाही फारसा. एका रविवारी ऊन फार होतं. परतीला माझा घसा चिकटला आणि मी त्याच्या बाटलीतून दोन घोट प्यालो. त्यानं बघितलं.  पुढं त्यानं पाण्यासाठी हात केलाच नाही. तहानेनं ओठ पांढरे झाले तरी नाही.

पुढच्या रविवारी बाटली नवी होती.

मी तीही धरली. हातात घेऊन पळालो. हे पण लिहून ठेवा.

शर्यत रविवारी. शुक्रवारी साहेबांनी परत बोलावलं. टेबलावर नकाशा पसरला होता.

"वळणापर्यंत तू श्रीकांतच्या पुढं राहायचं. वेग तू सांभाळायचा. परत येताना चोविसाव्या किलोमीटरला आपला फाटा लागतो. तिथं जीप उभी असेल. तू बाजूला व्हायचं, तो पुढं जाईल."

मला आधी कळलंच नाही.

"आणि माझी शर्यत, साहेब?"

"तुझी कसली शर्यत? तुझं नाव दिलेलं नाही. नाव एकाचंच दिलंय."

"मग माझा नंबर?"

साहेब हसले. क्रीडादिनाला हसले होते तसेच. "अरे, तुला नंबर कशाला पाहिजे? तुझं काम पळायचं. पळ."

मी "बरं साहेब" म्हणून बाहेर आलो. ते 'बरं' माझ्या तोंडात आपोआप आलं. कुणी शिकवलं होतं ते?

घरी आलो तर गावाहून बाप आलेला. डोळ्याला पडदा आला होता, सिव्हिलला दाखवायचा होता. मी जेवेना, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं. वाटलं, म्हातारा चिडेल. तो शांतपणे म्हणाला, "मंग त्यामा काय शे? मी बी पयेल शे. घोडाना म्होरे."

घोड्यापुढं पळाला? कसला घोडा? मला माहीत नव्हतं. शांतालाही नव्हतं. बापानं आयुष्यात हे कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सहज सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. इंग्रजांच्या अमदानीत अंमलदार घोड्यावरून गावोगाव फिरायचा. या गावच्या शिवेपासून त्या गावच्या शिवेपर्यंत त्याच्या घोड्यापुढं पळायचं काम महाराचं. वाट दाखवायची, काटे बाजूला करायचे. घोड्याचा श्वास पाठीवर लागायचा. हळू झालं की चाबूक. एकदा ठेच लागून तो पडला आणि घोड्याचा खूर पायावर आला. बापानं पाय पुढं केला. डाव्या पायाला दोन बोटं कमी होती. ते मी लहानपणापासून बघत होतो. गाडीखाली गेली, असं आई सांगायची.

वर बाप अभिमानानं म्हणाला, "साहेब बोलना व्हता, तुना पाय चांगला शेतस."

शांता चुलीपुढून उठली आणि बाहेर गेली. मी तिथंच बसून राहिलो. तुझे पाय चांगले आहेत. माझ्या साहेबानं मला हेच सांगितलं होतं. बापाचं सोडा, तो अडाणी होता, गावकीला बांधलेला होता. नाही म्हणाला असता तर झोडला असता. मी आयटीआय झालेला. महिन्याला पगार घेणारा. विहारात भाषणं ऐकून टाळ्या वाजवणारा. मला कुणी बांधलं होतं? मी आपण होऊन बाटली धरली होती.

त्या दिवशी मला साहेबाचा राग नंतर आला. आधी माझा आला.

शनिवारी पाळी सुटल्यावर तडक शहरात गेलो. शर्यतीचे अर्ज एका शाळेत घेत होते. टेबलाशी एक मास्तर बसले होते. त्यांनी कंपनीची यादी चाळली.

"तुमचं नाव नाही यात."

"कंपनीकडून नाही. माझं मी पळणार."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. अर्ज दिला. मी नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, वस्तीचा पत्ता लिहिला. मास्तरांनी कापडी नंबर हातात ठेवला. शांतानं तो रात्री बनियनवर शिवला. चारही बाजूंनी, दुहेरी दोऱ्यानं. "निघता कामा नये," एवढंच म्हणाली.

रविवारी मैदानावर साहेबांनी तो नंबर बघितला.

"हे काय?"

"नंबर."

"काढ तो."

"नाही काढत."

"उद्या कामावर यायचंय ना?"

"यायचंय, साहेब."

आवाज कापत होता माझा. शूर वगैरे काही नव्हतो.  शिट्टी झाली आणि मी सुटलो.

श्रीकांतच्या पुढं पळालो नाही, मागंही नाही. माझ्या वेगानं पळालो. पहिले दहा किलोमीटर तो माझ्या खांद्याला चिकटून होता, सवयीनं. दोनदा म्हणाला, "थोडं पुढं हो ना." मी तिथंच राहिलो. वळणाच्या आधी तो मागं पडला. पुढं देवळालीचे दोन जवान होते आणि पेठकडचा एक आदिवासी तरुण, अनवाणी. त्यांना गाठणं मला जमत नव्हतं. महिरावणीच्या पुढून परत फिरलो आणि उजव्या पोटरीत गोळा आला. लंगडत, शिव्या देत, पळत राहिलो.

कंपनीचा फाटा दिसला. जीप उभी. जीपच्या बाजूला साहेब. फाट्यावर आमच्या खात्यातले पन्नासेक कामगार जमलेले.

"बास! हो बाजूला!" साहेब ओरडले.

मी बघितलं नाही. ते दोन पावलं रस्त्यावर आले. "ऐकू येत नाही का रे? थांब!"

 एकाही कामगारानं टाळी वाजवली नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्याही रजा त्याच टेबलावर होत्या. मी साहेबांच्या बाजूनं गेलो. इतक्या जवळून, की माझा घाम त्यांच्या शर्टाला लागला असेल.

पुढचे आठ किलोमीटर कसे गेले ते नीट आठवत नाही. रबर सुटून डावा बूट फटफट वाजत होता, तेवढं आठवतं. चौथा आलो. श्रीकांत जीपमधून आला.

बाप सातपूरच्या रस्त्याकडेला शांताबरोबर उभा राहिला होता. त्याला धड दिसत नव्हतं. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "तुना मांगे कोन व्हतं?"

"कुणी नव्हतं."

त्याला ते खरं वाटलं नाही. परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग तो तोंडावर पंचा घेऊन बसला.

सोमवारी लेथवर दुसरा माणूस होता. माझी बदली भंगार यार्डात. लोखंडाची बर, म्हणजे लेथवर निघालेला कीस, फावड्यानं भरायची, ट्रॉलीत टाकायची. संध्याकाळी हात फाटलेले. युनियनचा पुढारी म्हणाला, "खेळाच्या भांडणात आम्ही काय करणार? साहेबांशी जुळवून घे." आठवड्यानं स्थानिक पेपरात बातमी आली. कंपनीच्या धावपटूंची चमक. फोटो श्रीकांतचा. चौथा नंबर कंपनीच्या नावावर. माझं नाव नाही.

मी त्या शाळेत गेलो. मास्तरांकडून निकाल लिहून घेतला, सही-शिक्क्यासह. कंपनीच्या नोटीस बोर्डावर लावला. दुपारपर्यंत कुणीतरी फाडला. मी हातानं नकल करून दुसऱ्या दिवशी परत लावली. तीही फाडली. परत लावली. असं किती दिवस चाललं, मोजलं नाही. पण पेठच्या त्या अनवाणी तरुणापासून माझ्यापर्यंत चारही नावं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचली. कँटीनमध्ये एक जण हळूच म्हणाला, "पहिला कोण रे? आदिवासी पोरगा?" मी मान हलवली.

महिन्यानं साहेबांनी बोलावलं. कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं.

"माफी लिहून दे. चार ओळी. उद्यापासून मशीनवर ये."

या वेळी मी रिकामी खुर्ची ओढली आणि बसलो. साहेबांचा चेहरा पडला.

"कशाची माफी?"

"तुला सांगितलं होतं थांब म्हणून."

"म्हणूनच नाही लिहिणार," मी म्हणालो आणि उठलो.

यार्डात परत गेलो. फावडं उचललं. आता बेचाळीस किलोमीटरची तयारी चालू आहे. पुण्यात शर्यत आहे. रजा मिळणार नाही, मला माहीत आहे. बिनपगारी जाईन. यार्डात ठेवा, गेटाबाहेर काढा. कुणी सांगितलं म्हणून पळणार नाही. कुणी सांगितलं म्हणून थांबणार नाही.